शिफ्ट सांभाळून औषधाचा अभ्यास

महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधी रसायने बनवणाऱ्या कारखान्यातल्या एखाद्या ऑपरेटरला विचारून पाहा, ‘‘सध्या काय बनवताय?’’ उत्तरात औषधाचे नाव क्वचितच येते. ‘‘स्टेज थ्री चालू आहे,’’ असे तो सांगतो. स्टेज थ्री म्हणजे एका लांबलचक रासायनिक प्रक्रियेतली तिसरी पायरी. रिअ‍ॅक्टरमध्ये माल चार्ज करायचा, तापमान सांभाळायचे, सेंट्रिफ्यूज करायचे, ड्रायरमध्ये वाळवायचे, ड्रम भरून सील करायचे. तो ड्रम पुढे कुठे जातो, त्याची गोळी कोण बनवते, ती कोणत्या रुग्णाच्या तोंडात पडते, हे ड्रम भरणाऱ्याला कोणी सांगत नाही. विचारायची सवयही राहत नाही.

महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यात तुडील नावाचे गाव आहे. या पट्ट्यातल्या कित्येक घरांतले कोणी मुंबईत असते, कोणी आखातात. जे गावात राहतात त्यांच्यातल्या शिकलेल्या मुलांना जवळची नोकरी म्हणजे महाडची एमआयडीसी. समजा, तुडीलचा एक तरुण केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाला आणि प्रॉडक्शनला लागला. त्याच्याच वर्गातली मुलगी क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली. चार वर्षे झाली. पगार थोडा वाढला, काम तेच राहिले. आता पुढे शिकायचे आहे, पण नोकरी सोडून दोन वर्षे मुंबई-पुण्यात राहणे घराला परवडणारे नाही. मग मोबाइलवर जाहिराती दिसू लागतात : ‘घरबसल्या औषधनिर्माणातली पदव्युत्तर पदवी’, ‘नोकरी करता करता क्लिनिकल रिसर्च’. यातले खरे काय, खोटे काय आणि उपयोगाचे काय?

आधी एक धोक्याची सूचना

फार्मसीची पदवी दूरशिक्षणाने मिळत नाही. बी.फार्म. नाही, एम.फार्म. नाही, डी.फार्म.ही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2020 मध्ये दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी जे नियम केले, त्यांत वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी, अभियांत्रिकी यांच्याबरोबर फार्मसीलाही या पद्धतीतून वगळले आहे. कारण सरळ आहे. या विद्या हाताने शिकायच्या आहेत आणि त्यांच्यात चूक झाली तर किंमत दुसरा माणूस मोजतो. म्हणून कोणी ‘पत्रव्यवहाराने फार्मसी’ देत असेल, तर त्या कागदावर ना औषध दुकान चालवता येईल, ना फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होईल. पैसे जातील आणि वर्षेही जातील.

पण म्हणून दार बंद झाले असे नाही. ‘फार्मसी’ आणि ‘औषधविकास’ हे दोन वेगळे विषय आहेत. फार्मसी हा परवान्याचा व्यवसाय आहे. औषधविकास ही एक साखळी आहे. रसायन सापडण्यापासून रुग्णाला गोळी मिळेपर्यंत आणि त्यानंतरही तिच्यावर नजर ठेवण्यापर्यंत जे जे होते, ते सगळे या साखळीत येते. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ लागतात, डॉक्टर लागतात, संख्याशास्त्रज्ञ लागतात, कायद्याची कागदपत्रे तयार करणारे लागतात. कायदासुद्धा हे मानतो. औषधनिर्मितीच्या देखरेखीसाठी जो तज्ज्ञ लागतो, तो फार्मसीचाच पदवीधर हवा असे 1945 च्या औषध नियमावलीत म्हटलेले नाही. केमिस्ट्री हा मुख्य विषय घेऊन बीएस्सी झालेला आणि त्यानंतर औषध उत्पादनाचा किमान तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव असलेला माणूसही त्यात बसतो. कारखान्यात ज्यांना ‘एफडीए अप्रूव्हड केमिस्ट’ म्हणतात, त्यांतले कितीतरी जण याच वाटेने पुढे आलेले असतात.

साखळी कशी असते?

औषधविकासाच्या अभ्यासक्रमात पहिल्यांदा ही साखळी शिकवतात. प्रयोगशाळेत हजारो संयुगे तपासली जातात तेव्हा त्यांतली थोडी पुढच्या पायरीवर जातात. मग पेशींवर आणि प्राण्यांवर चाचण्या होतात. त्यांतून तरलेले औषध माणसाला देण्यापूर्वी सरकारी परवानगी आणि नैतिकता समितीची संमती लागते. आपल्याकडे याचे नियम ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, 2019’ या नावाने आहेत आणि परवानगी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना देते.

त्यानंतर माणसांवरचे टप्पे. पहिल्या टप्प्यात वीस ते शंभर माणसे, बहुधा निरोगी स्वयंसेवक. औषध शरीराला सोसते का आणि किती मात्रेपर्यंत, एवढेच पाहायचे. दुसऱ्यात त्या आजाराचे काहीशे रुग्ण. औषध काम करते का ते पाहायचे. तिसऱ्यात शेकडो ते हजारो रुग्ण. आधीच्या उपचाराशी किंवा बिनऔषधी गोळीशी तुलना करायची. माणसांवरच्या चाचणीत उतरलेल्या दर दहा औषधांपैकी साधारण नऊ कुठे ना कुठे गळतात. पहिल्या पायरीपासून बाजारापर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात. बाजारात आल्यावर चौथा टप्पा सुरू होतो, दुष्परिणामांच्या नोंदींचा. भारतात त्यासाठी 2010 पासून औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे. 1800-180-3024 या विनाशुल्क क्रमांकावर रुग्णसुद्धा औषधाचा त्रास कळवू शकतो.

ही साखळी महाराष्ट्राला परकी नाही. पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी अँफोटेरिसिन-बी हे बुरशीवरचे जालीम औषध मेदाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळून रुग्णाला कमी त्रासाचे करण्याच्या कामात मोठा वाटा उचलला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या रक्ताच्या कर्करोगावरील कार-टी पेशी उपचाराला 2023 मध्ये देशात परवानगी मिळाली. पिंपरी, परळ, पवई ही नावे अशी बातम्यांत येतात. महाड, लोटे, रोहे, तारापूर ही नावे सहसा येतात ती आग किंवा प्रदूषण झाल्यावर. पण गोळीतला जो मूळ औषधी घटक, तो बनवणारे कारखाने याच पट्ट्यात आहेत.

एका सॉल्व्हंटची गोष्ट

‘मी तर फक्त रिअ‍ॅक्टर चालवतो, मला फेज वन, फेज टू कशाला हवेत?’ असे कोणाला वाटेल. त्याला उत्तर म्हणून व्हाल्सार्टनची गोष्ट पुरेशी आहे.

व्हाल्सार्टन हे रक्तदाबाचे औषध, जगभर लाखो लोक रोज घेतात. जुलै 2018 मध्ये युरोपात आणि मग इतरत्र ते बाजारातून मागे घेण्याची वेळ आली. कारण त्यात एनडीएमए नावाचे, माणसाला कर्करोग करू शकेल असे मानले जाणारे द्रव्य सापडले. औषधाचा मूळ घटक चीनमधल्या एका कारखान्यात बनत होता. तिथे काही वर्षांपूर्वी प्रक्रियेत बदल केला होता. उत्पादन वाढावे म्हणून केलेला, वरवर पाहता निरुपद्रवी बदल. एका पायरीत डीएमएफ हा सॉल्व्हंट वापरला गेला आणि पुढे उरलेले अझाइड नष्ट करण्यासाठी सोडियम नायट्राइट. डीएमएफमधून थोडेसे डायमिथाइलअमाइन सुटते. नायट्राइट आम्लात गेले की नायट्रस आम्ल होते. दोघे भेटले की एनडीएमए. प्रमाण अगदी सूक्ष्म. नेहमीच्या शुद्धता तपासणीत ते दिसले नाही, कारण ते तिथे असेल असे कोणाला वाटलेच नव्हते आणि म्हणून कोणी ते शोधत नव्हते. काही वर्षे ते गोळ्यांमधून माणसांच्या पोटात जात राहिले.

डीएमएफचे ड्रम कोकणातल्या रसायन कामगाराला नवे नाहीत. तो रोज वापरतो त्याच वस्तूंची ही गोष्ट आहे. या घटनेनंतर जगभरच्या औषध नियंत्रकांनी कंपन्यांना आपापल्या प्रक्रिया या दृष्टीने पुन्हा तपासायला लावल्या. ‘सॉल्व्हंट बदलला, बाकी सगळे तेच’ असे म्हणून चालत नाही. त्या बदलाची नोंद, कारण, परिणामांचा विचार आणि मंजुरी हे सगळे लागते. कारखान्यात याला ‘चेंज कंट्रोल’ म्हणतात. शिकलेल्या माणसाला तो फॉर्म भरताना पुढचा रुग्ण दिसतो. न शिकलेल्याला फक्त फॉर्म दिसतो.

आणखी जवळची गोष्ट हवी असेल तर मुंबईची आहे. 1986 च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. औषधी दर्जाच्या मालाच्या जागी कारखानी दर्जाचा माल आला, तो तपासला गेला नाही, कागदावर मात्र सगळे ठीक होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. हेच विष 1937 मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक जणांच्या मृत्यूला कारण झाले होते. आणि हेच विष 2022 मध्ये गांबियातल्या, 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधात निघाले. म्हणजे धडा लिहून झालेला आहे. तो प्रत्येक पिढीतल्या ड्रम उघडणाऱ्या माणसापर्यंत पोहोचलेला नाही.

घरून काय शिकता येते?

दूरशिक्षणाची नेहमीची उणीव अशी, की विद्यार्थ्याला पुस्तक मिळते पण प्रयोगशाळा मिळत नाही. महाडच्या कामगाराचे उलटे आहे. रिअ‍ॅक्टर, ड्रायर, एचपीएलसी यंत्र हे सगळे तो रोज हाताळतो. त्याच्याकडे नाही ते त्यामागचे ‘का’. शहरातल्या नियमित विद्यार्थ्याने ज्या गोष्टी फक्त आकृतीत पाहिल्या, त्या याने हाताने केलेल्या असतात. त्यामुळे औषधविकासाचा अभ्यास दूरस्थ पद्धतीने कोणाला सर्वांत जास्त फळेल, असे विचारले तर माझे उत्तर या नोकरदार मुलामुलींकडे बोट दाखवते.

एक छोटे उदाहरण पाहा. औषधाचे ‘अर्धायुष्य’ म्हणजे रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ. पॅरासिटामॉलचे अर्धायुष्य साधारण दोन ते अडीच तास. दोन तास धरले तर आठ तासांच्या एका शिफ्टमध्ये ते चार वेळा निम्मे होते : निम्मे, पाव, आठवा भाग, सोळावा भाग. तापाची गोळी दिवसातून एकदा घेऊन का भागत नाही, हे एवढ्या गणितात कळते. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, कागद-पेन्सिल लागते. चाचण्यांची आखणी, संख्याशास्त्र, औषधाचे कायदे, गुणवत्तेची कागदपत्रे, दुष्परिणामांच्या नोंदी हे सगळे विषय असे घरी बसून उत्तम शिकता येतात. हाताचे कसब मात्र पडद्यावरून येत नाही. नवे संयुग बनवायचे, प्राण्यांवर चाचणी करायची, तर नियमित प्रयोगशाळाच गाठावी लागते.

सुरुवात फुकटात करता येते. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल या उपक्रमाची व्याख्याने ‘स्वयम्’वर विनामूल्य आहेत. औषधी रसायनशास्त्रावर पुण्याच्या आयसरचे प्रा. हरिनाथ चक्रपाणी यांनी शिकवलेला अभ्यासक्रम त्यात आहे. औषध शरीरात नेमके पोहोचवण्याच्या तंत्रावर बंगळुरूच्या विज्ञान संस्थेचा आहे. दर आठवड्याला स्वाध्याय सोडवायचा. प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. व्याख्याने उतरवून ठेवता येतात, हे खाडीपट्ट्यात महत्त्वाचे. जुलै 2021 च्या महापुरात महाडची वीज आणि फोन दोन्ही गेले होते, हे कोणी विसरलेले नाही. पावसाळ्यात जो अभ्यास मोबाइलमध्ये साठवलेला असेल, तोच खरा.

त्याच्या पुढची पायरी पदविकेची. इग्नूने विश्लेषणात्मक रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदविका आणली, ती क्यूसीत काम करणाऱ्यांच्या रोजच्या कामाशी थेट जोडलेली आहे. तिच्यात प्रात्यक्षिकांसाठी केंद्रावर जावे लागते. बिट्स पिलानी नोकरीत असलेल्यांसाठी 1979 पासून वेगळे अभ्यासक्रम चालवते, त्यांत औषध उत्पादन व्यवस्थापनाचाही आहे. कोणता अभ्यासक्रम या वर्षी चालू आहे आणि कोणत्या अटीवर, ते त्या त्या माहितीपत्रकात पाहूनच ठरवावे. ब्रिटनमधली विद्यापीठे असे शिक्षण जिन्यासारखे बांधतात : 60 क्रेडिटचे प्रमाणपत्र, 120 ची पदविका, 180 ची एमएस्सी. जिथे थांबाल तिथला कागद हाती येतो. पण शुल्क लाखांत जाते आणि परदेशी दूरस्थ पदवीला इथे मान्यता मिळेल का, हे आधी तपासावे लागते.

वेळेचा हिशेब

क्रेडिट म्हणजे किती तास, हे प्रवेश घेण्याआधी समजून घ्यावे. इग्नूच्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे 30 तास. 32 क्रेडिटची पदविका धरली तर 960 तास झाले. आठवड्याला 12 तास दिले, तर 80 आठवडे, म्हणजे दीड वर्ष. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट 10 तासांचे. 180 क्रेडिटची एमएस्सी 1800 तासांची. त्याच वेगाने ती तीन वर्षे घेईल.

आठवड्याला 12 तास ऐकायला थोडे वाटतात. पण फर्स्ट, सेकंड, नाइट अशी शिफ्ट फिरती असेल, तर रोज ठरावीक वेळी अभ्यास होत नाही. नाइट करून आलेल्या माणसाने डोळे मिटत असताना पुस्तक धरू नये. ती झोप त्याच्या आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेची आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये याच औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन 11 कामगारांचा जीव गेला. रसायनांच्या कारखान्यात पेंगणे परवडत नाही. म्हणून हिशेब रोजचा न ठेवता आठवड्याचा ठेवावा. नाइटच्या आठवड्यात सहा तास, फर्स्टच्या आठवड्यात अठरा. आणि घरच्यांना हा हिशेब आधी सांगून ठेवावा. विशेषतः मुलींच्या बाबतीत, कामावरून आल्यावर स्वयंपाकघर तिच्याच वाट्याला आले, तर ते बारा तास कुठूनच निघणार नाहीत. दीड वर्षांचा अभ्यास एकट्याचा नसतो; घरातल्या सगळ्यांनी थोडा थोडा उचलायचा असतो.

पैसे भरण्याआधी

- अभ्यासक्रम आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, ते आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. दूरस्थ वा ऑनलाइन पदवीच्या प्रवेशाला आता डीईबी आयडी काढावा लागतो. संस्था तो मागत नसेल, तर सावध व्हा.
- हाती येणार ते काय : पदवी, पदविका की नुसते प्रमाणपत्र? प्रमाणपत्र वाईट नाही, पण त्याला पदवी समजू नका.
- परीक्षा आणि प्रात्यक्षिके कुठे? केंद्र मुंबईत असेल, तर रजा आणि प्रवासाचा खर्च आधीच धरा.
- ‘शंभर टक्के नोकरी’ असे लिहिलेले असेल, तर ती जाहिरात तिथेच मिटा.
- आपल्या कारखान्यातल्या क्यूए प्रमुखांना विचारा, ‘‘साहेब, हे केले तर मला इथे कशाचा उपयोग होईल?’’ त्यांचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा खरे असेल.

या शिक्षणाने उद्याच बढती मिळेल असे कोणी सांगू नये. क्यूसीतून क्यूएत, तिथून परवान्यांची कागदपत्रे सांभाळणाऱ्या विभागात, किंवा क्लिनिकल चाचण्यांच्या माहितीवर काम करणाऱ्या कंपनीत जाण्याची वाट त्याने मोकळी होते. चालायची आपणच असते. पण बढतीच्या आधीही एक फरक पडतो. बॅचच्या नोंदवहीत तापमान लिहिताना ‘जे हवे ते’ लिहायचे की ‘जे होते ते’, हा प्रश्न रोज पडतो. व्हाल्सार्टन आणि जे. जे. ज्याने नीट शिकले आहे, त्याला तो पडत नाही.

सुरुवात कुठून करावी? आजच्या शिफ्टला गेल्यावर आपल्या स्टेज थ्रीतून शेवटी कोणते औषध बनते, ते सुपरवायझरना विचारा. ते गोपनीय असेल, तर कोणत्या आजाराचे, एवढे तरी विचारा. मग घरी आल्यावर भारताच्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत, सीटीआरआयच्या संकेतस्थळावर, त्या आजारावर सध्या कोणत्या चाचण्या चालू आहेत ते शोधा. ती नोंदवही 2007 पासून सर्वांना खुली आहे. कोणत्या रुग्णालयात, किती रुग्णांवर, कशाशी तुलना करून चाचणी होते, हे तिथे लिहिलेले असते. न कळलेले शब्द वहीत उतरवून ठेवा. पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रम तेवढ्यातून आपोआप तयार होतो, आणि त्याला फी लागत नाही.